सिंहाच्या पंज्याखाली

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला हा ब्राँझचा सिंह. शिल्पकार, आंत्वान-लुई बारी.

नजर आधी आयाळीवर जाते. ती तिथून काढा आणि पुढच्या पंज्यापाशी आणा. नख्या बाहेर आल्यात, खाली साप दाबला गेलाय. पण मेलेला नाही, जबडा फाकून उलटा वळलाय. सिंहाच्या नाकावरची कातडी चुण्या पडून वर चढली आहे. या चुण्या ऐकीव माहितीवर घडवता येत नाहीत.

१७९५ साली जन्मलेला बारी सोनाराचा मुलगा. बारीककामात हात बसलेला. वाघ-सिंह तो बघायचा पॅरिसमधल्या झार्दां दे प्लांत या वनस्पती उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यांत. एखादं जनावर मेलं की मापं घ्यायला, चिरफाड बघायला हजर. तिथला एक सिंह मेला तेव्हा चित्रकार देलाक्र्वाने त्याला चिठ्ठी धाडली: ताबडतोब ये!

अंगाची ठेवण अशी हाताखालून गेली. झुंज मात्र मनानेच रचायची. १८३१च्या सालाँ या पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनात त्याने वाघ मांडला, गंगेतल्या सुसरीला फाडणारा. बारी भारतात कधी आला नाही. आणि सुसर बिचारी मासे खाऊन जगणारी! शिल्प जबरदस्त आहे, पण वाघ जिंकल्यातच जमा. सिंह आणि सापाचा निकाल अजून लागायचाय, म्हणून तो सरस.

दोन्हींचं ओतकाम ओनोरे गोनोंचं. मेणाच्या नमुन्यावर साच्याचा लेप चढवायचा, भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. फ्रान्समध्ये ही रीत तेव्हा जवळपास मागे पडली होती. पण मेणावर ओढलेली रेघ धातूत जशीच्या तशी उतरते. आयाळीची बट न् बट सुटी दिसते ती त्यामुळे.

१८३६ साली सिंह पॅरिसच्या त्विलरी राजवाड्याच्या बागेत बसला. १८३०च्या जुलै क्रांतीतून राजा लुई-फिलिप गादीवर आला होता. जुलैअखेरची रास सिंह, त्यामुळे चिरडलेला साप म्हणजे क्रांतीने हाकललेली जुनी राजवट, हे लोकांना सांगावं लागलं नाही.

पुढच्याच वर्षी सालाँच्या परीक्षकांनी बारीची शिकारीची शिल्पं नाकारली. राजाच्या थोरल्या मुलाच्या जेवणाच्या टेबलासाठी केलेली होती ती! जनावरं घडवणाऱ्याला मोठा कलावंत मानायची त्यांची तयारी नव्हती. बारीने मग स्वतःच लहान ब्राँझ ओतून विकायला काढली. १८४८ मध्ये दिवाळं निघालं, साचे कर्जापायी गेले.

१८५४ मध्ये निसर्गविज्ञान संग्रहालयाने त्याला चित्रकलेचा प्राध्यापक नेमलं. पुढे त्याच्या वर्गात येऊन बसणाऱ्या पोरांमध्ये पुढे जगप्रसिद्ध शिल्पकार झालेला ओग्युस्त रोदँही होता.