शिट्टी, रुमाल आणि एक नेमका प्रश्न

(शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

या सत्राच्या अखेरीस तुम्हां प्रत्येकाला क्रीडा किंवा शारीरिक शिक्षणातील एका विषयावर शोधनिबंध सादर करायचा आहे. असे निबंध मी बरीच वर्षे वाचत आलो आहे आणि माझा अनुभव असा की, बहुतेकांची वाट विषयाच्या शीर्षकापाशीच चुकते. 'खो-खो व कबड्डी खेळाडूंच्या शारीरिक क्षमतेचा तौलनिक अभ्यास', 'योगासनांचा शालेय विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम' अशी शीर्षके दरवर्षी येतात. हे विषय वाईट नाहीत, पण त्यांच्यात प्रश्न नाही. शीर्षकात प्रश्न नसला की विद्यार्थी व्याख्या गोळा करतो, खेळाचा इतिहास दोन पानांत उतरवतो, एक तक्ता जोडतो आणि परिणाम चांगला झाला असे लिहून मोकळा होतो. तो परिणाम चांगला होणार हे त्याला पहिल्या दिवशीच ठाऊक असते, म्हणूनच त्याने काही शोधलेले नसते.

प्रश्न कसा असावा याचे एक उदाहरण घेऊ. सातवीच्या दोन तुकड्यांपैकी एकीला आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास खो-खो खेळवला, तर ४ × १० मीटर शटल रनमध्ये, म्हणजे दहा मीटरचे अंतर मागे वळत चार वेळा धावण्याच्या चाचणीत, ती तुकडी दुसरीपेक्षा अधिक सुधारते का? या वाक्यात कोण, किती दिवस, काय आणि कशाशी तुलना हे सारे आले आहे. उत्तर 'नाही' असेही येऊ शकते, आणि तसे आले तरी निबंध तितकाच मोलाचा राहतो.

तरीही हा प्रश्न अजून पुरेसा नेमका झालेला नाही, कारण 'खो-खो खेळवला' या दोन शब्दांत पुष्कळ काही लपलेले आहे. पारंपरिक नियमांनुसार आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू चौकोनांत बसलेले असतात आणि नववा पाठलाग करतो. बचाव करणारे तिघातिघांच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे वळता येत नाही आणि बसलेल्या खेळाडूंची मधली पाटी ओलांडता येत नाही. सतत वळणे, हुलकावणी देणे, बसलेल्यांच्या मधून नागमोडी धावत साखळी खेळणे हे सारे बचाव करणाऱ्याच्या वाट्याला येते. म्हणजे शटल रनमध्ये जी वळण्याची चपळाई आपण मोजणार आहोत, तिचा सराव मुख्यतः बचावाच्या वेळी होतो. वर्गातला चपळ मुलगा बचावात दोन-तीन मिनिटे टिकतो आणि हळू धावणारी मुलगी पंधरा सेकंदांत बाद होऊन बाहेर बसते. अर्ध्या तासाच्या तासिकेनंतर दोघांच्या नावापुढे उपस्थिती मात्र सारखीच लागते. ज्याला हा निबंध गांभीर्याने लिहायचा आहे त्याने मैदानाच्या कडेला एक वही घेऊन बसावे आणि प्रत्येक मूल प्रत्यक्ष किती मिनिटे धावले याची नोंद ठेवावी. मला विचाराल तर, दोन तुकड्यांच्या तुलनेपेक्षा ही नोंदच अधिक मोलाची ठरेल, कारण ज्या मुलांना खेळाची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्याच वाट्याला आपल्या तासिकेत सर्वांत कमी खेळ येतो का, हे ती वही सांगेल.

आता मोजमापाविषयी, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझी स्वतःची चूक याच ठिकाणी झाली. पदव्युत्तर पदवीच्या लघुशोधप्रबंधासाठी मी चाळीस मुलांची ५० मीटर धाव आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाआधी आणि नंतर मोजली होती. सरासरी सुधारणा दोन दशांश सेकंदांच्या आत-बाहेर होती, टी-चाचणी या संख्याशास्त्रीय कसोटीत ती ०.०५ स्तरावर सार्थक ठरली, म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी होती, आणि मी समाधानाने निष्कर्ष लिहिला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एकच विचारले, "घड्याळ कोणत्या इशाऱ्यावर सुरू केले?" पूर्वचाचणीत प्रारंभरेषेवरचा सहकारी हातातला रुमाल खाली आणत होता आणि मी तो पाहून घड्याळ दाबत होतो. उत्तरचाचणीच्या दिवशी रुमाल नव्हता, म्हणून शिट्टीवर भागवले. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ५० मीटरवर उभ्या असलेल्या माझ्यापर्यंत शिट्टी पोहोचायला जवळजवळ ०.१५ सेकंद लागत होता. मुले शिट्टीबरोबर निघत होती, माझे घड्याळ तेवढ्याने उशिरा सुरू होत होते आणि प्रत्येकाची वेळ तितकीच कमी दिसत होती. मी ज्याला प्रशिक्षणाचा परिणाम म्हटले त्यातला बहुतेक भाग शिट्टीचा होता, आणि टी-चाचणीला ते कळण्याचा काही मार्ग नव्हता. संख्याशास्त्र तुम्ही दिलेल्या आकड्यांवर काम करते, ते आकडे कसे आले हे ते विचारत नाही.

हातातल्या घड्याळाची ही मर्यादा जाणकारांना फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणूनच १०० मीटर शर्यतीची हाताने घेतलेली वेळ विद्युत घड्याळाच्या वेळेशी ताडून पाहताना तीत ०.२४ सेकंद मिळवण्याची रीत पडली. जेथे सुधारणाच दोन दशांशांची अपेक्षित आहे, तेथे तुमच्या पद्धतीतली चूक तेवढीच किंवा तिच्याहून मोठी असू शकते, हे ध्यानात ठेवून पद्धतीचे प्रकरण लिहायला हवे. इशारा कोणता, घड्याळ कोणाच्या हाती, मैदान कोरडे की ओले, मुले अनवाणी की बुटांत, सकाळी की दुपारी जेवणानंतर, प्रत्येकाला किती संधी दिल्या आणि त्यांतली कोणती नोंद धरली, हे सगळे लिहा. तुमचा निबंध हाती घेऊन दुसऱ्या गावातल्या शिक्षकाला तीच चाचणी तशीच घेता आली पाहिजे.

पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांतल्या फरकाबद्दल आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. उभे राहून लांब उडी मारण्याची चाचणी मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा दिलेली असेल, तर दुसऱ्या वेळी ती केवळ युक्ती कळल्यामुळे सुधारते. त्यासाठी खऱ्या चाचणीच्या एक-दोन दिवस आधी सरावाची संधी द्यावी. आणि बारा-तेरा वर्षांची मुले दोन महिन्यांत नुसतीच वाढतातही. प्रशिक्षण न देता केवळ चाचण्या घेतलेला नियंत्रित गट हवा तो याचसाठी, कारण तो गटही त्या काळात वाढतो आणि चाचणीला सरावतो. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. अनेकजण पूर्वचाचणीतली सर्वांत मागे पडलेली वीस मुले निवडतात आणि फक्त त्यांनाच प्रशिक्षण देतात. त्या वीसांत काही खरोखर कमी क्षमतेची असतात, पण काहींचा तो दिवसच वाईट असतो: कोणाला ताप येऊन गेलेला असतो, कोणी उपाशी आलेला असतो, कोणाचा पाय सुरुवातीलाच घसरलेला असतो. पुढच्या खेपेला ही मुले काहीही न करता आपल्या नेहमीच्या पातळीवर येतात आणि गटाची सरासरी आपोआप वर जाते. म्हणून मागे पडलेल्यांवरच काम करायचे असेल, तर त्यांच्यातलीच निम्मी मुले चिठ्ठ्या टाकून नियंत्रित गटात ठेवा, आणि अभ्यास संपल्यावर त्यांनाही तेच प्रशिक्षण द्या.

मुलांवर चाचण्या घेताना मुख्याध्यापकांची लेखी परवानगी पुरेशी नाही. पालकांची संमती हवी, मुलाने 'नको' म्हटले तर ते ऐकले पाहिजे, आणि वजन-उंचीचे आकडे सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचून दाखवू नयेत. एखाद्या जाड मुलीला त्या एका वाचनामुळे मैदानाची धास्ती बसली, तर तुमच्या निबंधाने शारीरिक शिक्षणाचे नुकसानच केले असे मी म्हणेन.

सर्वांनाच मोजमापाचा अभ्यास करायचा नसेल. ज्यांना इतिहासाची ओढ आहे त्यांच्यासाठी आपल्याकडे न उचललेली सामग्री पडून आहे, पण तेथे दक्षता दुप्पट लागते. एक वाक्य तुम्ही पुष्कळ ठिकाणी वाचले असेल: '१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये कबड्डी हा प्रात्यक्षिक क्रीडाप्रकार होता.' आता हे तपासू. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. त्या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला गेले आणि तेथे त्यांनी भारतीय खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखवली, ही आपल्या सर्वांच्या अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्या ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात प्रात्यक्षिक क्रीडाप्रकार म्हणून, म्हणजे पदकांच्या यादीबाहेर पण अधिकृतपणे, घेतलेले खेळ दोन होते, बेसबॉल आणि ग्लायडिंग. बर्लिनमध्ये कबड्डीचे प्रात्यक्षिक झाले, हे वाक्य खरे आहे. कबड्डी हा त्या ऑलिम्पिकचा प्रात्यक्षिक क्रीडाप्रकार होता, हे खरे नाही. 'प्रात्यक्षिक' हा एकच शब्द दोन अर्थांनी आल्यामुळे ही गफलत झाली, आणि एकाने लिहिले ते दुसऱ्याने उतरवून घेतले म्हणून ती टिकली. ऑलिम्पिकचे अधिकृत अहवाल आज लॉस एंजेलिसच्या एका संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. अर्धा तास खर्च केला तर मूळ कागद समोर येतो, आणि तो आला की अमरावतीच्या त्या तरुणांचे श्रेय कमी होत नाही. उलट अधिकृत कार्यक्रमात स्थान नसताना एक व्यायामशाळा आपल्या बळावर एवढ्या दूर गेली, हे अधिक ठळक होते.

कुस्तीगीर खाशाबा जाधवांबद्दलही हेच. 'भारताला पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे' असे लिहिणाऱ्याने १९२८ चे अॅमस्टरडॅमचे हॉकीचे सुवर्ण आणि १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी मिळवलेली दोन रौप्ये विसरलेली असतात. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक क्रीडाप्रकारातले पहिले पदक, १९५२, हेलसिंकी, ५७ किलो गट, फ्रीस्टाइल, कांस्य, असे लिहिले की ते निर्दोष होते. अशा विशेषणांना कोणी अडगळ समजू नये. त्यांच्याशिवाय वाक्य खोटे पडते.

आणि खाशाबांविषयी तेच ते चरित्र पुन्हा लिहिण्याऐवजी त्यांच्यापासून निघणारा प्रश्न घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत घडला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तो गादीवर उतरला, तेव्हा ती गादी त्याला सरावाची नव्हती, आणि तरीही तो सहावा आला. मातीत निकाल मुख्यतः चीतपटीने लागतो, गादीवर गुणांचा हिशेब चालतो. माती पाय धरून ठेवते, गादी ठेवत नाही. आजही महाराष्ट्र केसरीची निवड माती आणि गादी अशा दोन विभागांतून होते. मग तुमच्या तालुक्यातल्या तालमीत पंधरा वर्षांचा पोरगा आठवड्यात किती दिवस मातीत आणि किती दिवस गादीवर उतरतो? गादी तालमीत कोणत्या वर्षी आली, पैसे कोणी दिले, वस्तादांनी तेव्हा विरोध केला का? ही माहिती कोणत्याही पुस्तकात नाही. ती वस्तादांच्या तोंडी आहे, तालमीच्या जमाखर्चाच्या वहीत आहे, भिंतीवरच्या तसबिरींखालच्या तारखांत आहे. तालमीत जाताना सकाळी लवकर जावे, मेहनत संपेपर्यंत कडेला बसावे आणि वस्ताद निवांत झाल्यावरच बोलायला सुरुवात करावी. त्यांनी सांगितलेले साल लगेच अंतिम मानू नये. ते दुसऱ्या एका जुन्या मल्लाला विचारावे, त्या सालच्या स्थानिक वर्तमानपत्राच्या फाइलीत पाहावे, आणि दोन्हींचा मेळ बसला नाही तर ती तफावतही तशीच नोंदवावी. जोर, बैठका, डावपेच यांच्या जुन्या वर्णनांसाठी बडोद्याहून दहा खंडांत निघालेला 'व्यायाम ज्ञानकोश' आपल्या जिल्हा ग्रंथालयात आहे का, याची चौकशी करा.

लेखनाबद्दल थोडेच सांगतो. संबंधित साहित्याचा आढावा म्हणजे वीस निबंधांची वीस परिच्छेदांत केलेली यादी नव्हे; आपल्या प्रश्नाचे कोणते अंग कोणी तपासले आणि कोणते राहिले, एवढेच तेथे यावे. जे वाचले नाही त्याचा हवाला देऊ नका, आणि दुसऱ्याचे वाक्य घेतले तर ते त्याच्या नावासह घ्या. भाषा जड करण्याने निबंध शास्त्रीय होत नाही. 'मुलांनी दोन फेऱ्या मारल्या' असे लिहिता येत असताना 'विद्यार्थ्यांकडून दोन फेऱ्यांचे संपादन करण्यात आले' असे लिहू नये. फरक सार्थक आला तर तो किती मोठा आहे हेही सेकंदांत आणि सेंटिमीटरमध्ये सांगा, कारण शाळेतल्या शिक्षकाला निर्णय घ्यायचा असतो तो त्या आकड्यावरून. मर्यादांचे प्रकरण शेवटच्या रात्री उरकण्यासारखे नाही. माझ्या प्रबंधात शिट्टीची गोष्ट मी स्वतः तेथे लिहिली असती, तर परीक्षकांना ती शोधावी लागली नसती.

पुढच्या आठवड्यात आपण पुन्हा भेटू तेव्हा प्रत्येकाने आपला प्रश्न एका वाक्यात लिहून आणावा आणि त्याखाली, उत्तर 'नाही' आले तर आपण काय लिहू, हे दुसऱ्या वाक्यात लिहावे. ज्यांना धाव मोजायची आहे त्यांनी उद्या सकाळीच जोडीने मैदानावर जावे, एकाच धावपटूची वेळ एकाने रुमालावर आणि दुसऱ्याने शिट्टीवर दहा वेळा घ्यावी, आणि ते वीस आकडे सोबत आणावेत.