मैदानावरची चुन्याची रेघ

नमस्कार, श्रोतेहो.

बेळगावात आमच्या वसाहतीशेजारी एक मैदान आहे. फार मोठं नाही. क्रिकेटचे तीन डाव एकदम मांडले की तिसऱ्याचा फिल्डर पहिल्याच्या स्टंपमागे येऊन उभा राहतो. संध्याकाळी साडेपाचला तिथं ही पोरं असतात, कडेनं फिरणारी वयस्क मंडळी असतात आणि सायकल शिकणाऱ्या लेकीमागं धावणारा एखादा बापही असतो. गेल्या उन्हाळ्यात एका आजोबांच्या कानशिलाला चेंडू लागला. ते पोरांवर ओरडले नाहीत. खाली बसले, रुमाल ओला करून लावला आणि मला म्हणाले, "पोरं खेळालेत ते बरंच हाय की. पण आम्ही फिरायचं कुठं?"

त्या प्रश्नासाठी आम्ही सगळे एका रविवारी मैदानातच बसलो. पोरांनाही बसवलं. कुंपणालगत आठ फुटांवर चुन्याची रेघ मारली, रेघेच्या आत फक्त चालणारे. पीच फिरवून घेतलं, म्हणजे जोराचा फटका भिंतीकडे जाईल. चार ते साडेपाच लहानग्यांची वेळ ठरली, त्यानंतर मोठ्यांची. लेदर बॉल फक्त रविवारी सकाळी. सर्वांत जास्त वाद झाला तो मांडवावरून. लग्नाचा असो की गणपतीचा, मांडव सुटला की बांबूचे खड्डे तसेच राहतात आणि त्यात पोरांचे पाय मुरगळतात. शेवटी ठरलं, ज्यानं खड्डा पाडला त्यानं तिसऱ्या दिवसाच्या आत माती भरून धुमुस मारायचा.

नगररचनेत झोनिंग म्हणतात ते हेच, फक्त मोठ्या कागदावर. शहराच्या नकाशात घरांना पिवळा रंग, व्यापाराला निळा, उद्यान-मैदानांना हिरवा. पण हिरवा रंग दिला की काम संपलं असं समजलं जातं, आणि त्या हिरव्याच्या आत कुणी, कधी, कुठं वावरायचं हे कुणीच ठरवत नाही. मग ज्याचा आवाज मोठा त्याचं मैदान. म्हाताऱ्यांचा आणि मुलींचा आवाज तिथं सर्वांत लहान असतो. मला खटकतं ते हे.

तो हिरवा रंग तरी जागेवर आहे का, हेही बघायला हवं. कर्नाटकात १९८५ पासून उद्यानं, मैदानं आणि मोकळ्या जागा राखण्याचा स्वतंत्र कायदा आहे. अशा जागांच्या याद्या स्थानिक संस्थेनं करून प्रसिद्ध करायच्या असतात. नगरविकास प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्यानुसार प्राधिकरणाच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून आखलेल्या वसाहतीत, किमान १५ टक्के जागा उद्यान-मैदानांना आणि त्याशिवाय १० टक्के नागरी सुविधांना ठेवावी लागते. बेंगळूरच्या राजमहल विलास भागात उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा तिथले रहिवासी कोर्टात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्द ठरवलं. हे घडवून आणलं ते तिथं राहणाऱ्या साध्या माणसांनी.

आमच्याच वसाहतीत दुसरा एक प्लॉट नकाशात हिरवा आहे. प्रत्यक्षात तिथं वाळूचा ढीग आणि फुटक्या फरशा. आधी आम्ही तोंडी सांगत राहिलो, त्यात एक वर्ष गेलं. मग लेआउटच्या मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागितली. अर्ज कन्नडमध्ये लिहायला शेजारचे कन्नड भाषिक काका आले. त्यांचा नातूही त्याच मैदानात खेळतो. नकाशा हातात आल्यावर बोलणं सोपं झालं, कारण आता बोट ठेवायला जागा होती. तुमच्या लेआउटचा नकाशा तुम्ही पाहिला नसेल, तर या आठवड्यात अर्ज टाका.

नाल्याकाठची जागाही मोकळ्या जागेतच धरा. पावसाळ्यात बेळगावचा बळ्ळारी नाला फुगला की पाणी शेतांत पसरतं, हे शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. तिथं भराव टाकला तर ते पाणी कुणाच्या तरी पिकात नाहीतर घरात शिरणार.

आमची चुन्याची रेघ यंदाच्या पावसात धुऊन गेली. गणपती झाले की पुन्हा मारायची आहे, आणि या खेपेला पूर्वेकडच्या कोपऱ्यात सायकल शिकणाऱ्यांसाठी एक गोलही आखायचा आहे.