इंग्रजीला फ्रेंच शेपट्या कशा फुटल्या?

नमस्कार मंडळी! 'दादागिरी' हा शब्द घ्या. दादा आपला, 'गिरी' ही शेपटी, म्हणजे प्रत्यय, फारसी. कुणी ठरवून जोडली नाही, ती तोंडात बसली. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हेच झालं, फक्त फारसीच्या जागी फ्रेंच होती.

१०६६. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंड जिंकतो. दरबारात फ्रेंच शिरते. पण फ्रेंच शब्दांचा खरा लोंढा काही लगेच आला नाही. तो आला तेराव्या-चौदाव्या शतकात. १२०४ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या हातून नॉर्मंडी गेली, सरदारमंडळी हळूहळू इंग्रजीकडे वळली, आणि येताना सवयीचे फ्रेंच शब्द घेऊन आली.

आता प्रत्यय काही एकटा येत नाही. आधी अख्खे शब्द येतात. 'पे' आला, 'पेमेंट' आला. 'जज' आला, 'जजमेंट' आला. 'पास' आणि 'पॅसेज'. अशा जोड्या सतत कानावर पडल्या की ज्याला फ्रेंचचं ओ की ठो कळत नाही, त्यालाही सांधा दिसतो. हां, 'मेंट' लावलं की क्रियेचं नाव होतं!

पण त्याला सांधा दिसला, हे आपल्याला कसं कळणार? 'पेमेंट'वरून नाही कळत, तो तयारच आला असेल. पुरावा हवा तर धेडगुजरी शब्द शोधायचे: मूळ देशी, शेपूट फ्रेंच.

माझा सगळ्यात आवडता, 'बाँडेज', म्हणजे गुलामी. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, 'बोंडी' म्हणजे घरदार राखून असलेला शेतकरी. चांगला प्रतिष्ठित माणूस! हा शब्द इंग्लंडमध्ये रुळला. मग नॉर्मन राजवटीत जमीनदारांची पकड घट्ट झाली आणि हा गृहस्थ घसरत घसरत बांधील कूळ झाला. त्याच्या या नव्या दर्जाला फ्रेंच 'एज' चिकटला. १३०० च्या सुमारास 'बाँडेज' इंग्रजीत दिसतो. पुढे बंधनवाल्या 'बाँड'शी त्याची सांगड बसली, म्हणून आज आपल्याला थेट साखळदंडच आठवतात.

त्याच बोंडीचा दुसरा अवतार 'हजबंड', म्हणजे घरधनी. त्याला फ्रेंच 'री' लागली आणि 'हजबंड्री' झाली: आधी घरकारभार, मग शेती. आपल्या पशुसंवर्धन खात्याच्या इंग्रजी नावातली हजबंड्री हीच!

सगळेच टिकले असं नाही हं. चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज कवी चॉसरने 'एगेमेंट' वापरलाय, म्हणजे चिथावणी. बायबलमधल्या ईव्हने दिलेली. यातला 'एग' अंड्याचा नव्हे, नॉर्स क्रियापदाचा. 'एग ऑन'मध्ये तो अजून जिवंत आहे. 'एगेमेंट' मात्र मेला. 'हिंडरन्स' म्हणजे अडथळा, तो तरला, 'हिंडर' अस्सल इंग्रजी आणि 'अन्स' फ्रेंच.

त्यामुळे फ्रेंचने इंग्रजी गिळली वगैरे मला काही पटत नाही. देशी प्रत्यय 'नेस' कुठे गेला? तोच उलट फ्रेंच शब्दांना जाऊन चिकटला. 'जंटल' फ्रेंच, 'जंटलनेस' मिश्र. आजही नव्या विशेषणाला बिनधास्त 'नेस' लावा, खपून जातं. नव्या क्रियापदाला 'मेंट' लावून, 'गूगलमेंट' म्हणून बघा कुणासमोर!