खोडरबर, पेन्सिल आणि चार दिवस

२१ जुलै १९४४. ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत, कपडे धुण्याच्या बराकीत एसएसच्या, म्हणजे छावणी चालवणाऱ्या नाझी दलाच्या, गणवेशातला एक तरुण शिरला. एका कैदी मुलीला चौकशीसाठी न्यायचंय, म्हणाला. मुलगी मुकाट्यानं त्याच्यासोबत निघाली. कोण येणार, हे तिला आदल्या दिवसापासून ठाऊक होतं.

ही त्सिला त्सिबुल्स्का. पोलंडमधल्या वॉमझा गावची ज्यू. जानेवारी १९४३ मध्ये अख्ख्या कुटुंबाला इथं आणलं. आई, वडील आणि बहीण थेट गॅस चेंबरमध्ये. काही महिन्यांत भाऊही गेले. उरली ती एकटी, हातावर २९५५८ हा आकडा घेऊन. धान्याच्या कोठारात ती फाटकी पोती शिवायची. तिथंच तिला येझी बिएलेत्स्की भेटला. पोलिश कॅथलिक, कैदी क्रमांक २४३, म्हणजे १९४० च्या अगदी पहिल्या खेपेतला.

दोघांनी पळून जायचं, म्हणून एसएसचा गणवेश त्यानं गोदामातल्या मित्राकडून एकेक कपडा करून जमवला. सही असलेला एक परवानाही हाती लागला. पण त्यावर नाव होतं श्टेलर, आणि पहारेकरी खऱ्या श्टेलरला ओळखत असला तर? येझीनं खोडरबर घेतलं, पेन्सिल घेतली आणि श्टेलरचा श्टायनर केला. दोन जिवांची भिस्त एवढ्यावर!

फाटकाशी पहारेकऱ्यानं कागद निरखला. बराच वेळ निरखला. मग जाऊ दिलं. पाठीत कुठल्याही क्षणी गोळी बसेल, या धास्तीनं येझी चालत राहिला.

पुढं नऊ-दहा रात्री दोघं शेतांतून चालले. मला इथंच सोड, असं त्सिला वारंवार म्हणायची. त्यानं ऐकलं नाही. शेवटी तिला एका शेतकऱ्याच्या घरी लपवून तो भूमिगत सेनेत गेला.

जानेवारी १९४५ मध्ये बर्फातून चाळीस किलोमीटर तुडवत तो तिला न्यायला आला, तेव्हा चार दिवस उशीर झाला होता. वाट पाहून ती निघून गेली होती. तो मेला असं तिला वाटलं. ती मेल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं.

मग बऱ्याच वर्षांनी, न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या त्सिलाकडे साफसफाईला येणारी पोलिश बाई एकदा म्हणाली, अहो, ही गोष्ट तर मी पोलंडच्या टीव्हीवर एका माणसाच्या तोंडून ऐकलीय!

जून १९८३, क्राकोव विमानतळ. येझीच्या हातात ३९ गुलाब, ताटातुटीच्या दर वर्षाचा एक.

एव्हाना त्याला बायको होती, मुलं होती. त्सिला न्यूयॉर्कला परतली. पुढं काही वेळा आली. ज्यांनी तिला लपवलं, त्या शेतकऱ्याच्या घरी दोघं जाऊन आले.