घसरलेल्या सेमिस्टरनंतर

[दृश्य: टेबलावर उलगडलेलं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजची गुणपत्रिका. कॅमेरा हळूहळू एका ओळीवर येऊन थांबतो.]

ऑरगॅनिक केमिस्ट्री. ४ क्रेडिट. समोर एकच अक्षर: सी.

हे ट्रान्सक्रिप्ट आम्ही या फिल्मसाठी तयार केलंय, ते कुणा एकाचं नाही. पण डॉक्टर व्हायचं म्हणून अमेरिकेतल्या कॉलेजात दाखल झालेल्या पुष्कळ मुलामुलींना ते ओळखीचं वाटेल. तिथे मेडिकलच्या आधी पदवी घ्यावी लागते. पहिली दोन वर्षं ६० क्रेडिट (कोर्सचं वजन मोजायचं एकक), जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी, २.६. कारण काहीही असू शकतं. घरातलं आजारपण, रात्रपाळीची नोकरी, किंवा शाळेत चालून गेलेली अभ्यासाची पद्धत इथे पुरी न पडणं. मग कुठेतरी गाडी रुळावर येते. पुढच्या दोन वर्षांत आणखी ६० क्रेडिट, जीपीए ३.८.

पदवीच्या दिवशी हातात आकडा पडतो ३.२.

एमडी, म्हणजे तिथली डॉक्टरकीची पदवी, देणाऱ्या कॉलेजांत दरवर्षी ५० हजारांहून जास्त जण अर्ज करतात आणि साधारण २३ हजारांना प्रवेश मिळतो. त्यांचा सरासरी जीपीए ३.७ च्या वर असतो. ३.२ वाल्याची झोप उडते ती या तुलनेने, आणि ते साहजिकच आहे. पण जरा ट्रान्सक्रिप्टकडे परत बघू. ३.२ मिळवणारा विद्यार्थी या कागदावर कधीच नव्हता. आधी २.६ वाला होता, नंतर ३.८ वाला आला. प्रवेश समितीला आपल्या वर्गात येऊन बसणार आहे तो दुसरा, हे पटवून द्यायचं आहे. सगळी धडपड त्यासाठी.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर वर्षवार तक्ता.]

बहुतेक एमडी कॉलेजांचे अर्ज अ‍ॅमकॅस या एकाच सेवेतून जातात. ही सेवा तुमचे सगळे ग्रेड नव्याने मोजते, एखाद्या उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात केलेला कोर्ससुद्धा. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढते, बाकीच्या विषयांचा वेगळा. आणि ते सगळं वर्षवार मांडते. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं, आणि पदवीनंतर घेतलेले कोर्स त्यांच्या स्वतंत्र ओळीत. त्यामुळे चढण लपत नाही. घसरणही लपत नाही.

आता तो सी. पहिला विचार येतो, हा कोर्स पुन्हा करू. समजा केला आणि ए मिळाला. अ‍ॅमकॅस जुना ग्रेड पुसत नाही, दोन्ही धरते. म्हणजे एचे ४ आणि सीचे २ धरून ८ क्रेडिटचा हिशोब ३.० वर येतो. ऑस्टिओपॅथिक, म्हणजे डीओ ही डॉक्टरकीची दुसरी पदवी देणाऱ्या कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घ्यायचा. २०१७ मध्ये ती सवलत बंद झाली. जुनी माहिती अजून तोंडोतोंडी फिरते आणि मुलं तिच्या भरवशावर वर्ष घालवतात, म्हणून हे मुद्दाम सांगावंसं वाटलं.

डी किंवा एफ असेल तर तो आवश्यक कोर्स पुन्हा करावाच लागतो. सीचं तसं नाही. माझ्या मते तिथे पुढचा, अवघड कोर्स घेऊन ए मिळवलेला जास्त बोलका ठरतो. बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायॉलॉजी. ऑरगॅनिकचा पाया कच्चा असताना बायोकेमिस्ट्रीत ए मिळत नाही, हे समितीतल्या प्राध्यापकांना सांगायला लागत नाही. मात्र काही कॉलेजं सीसुद्धा स्वीकारत नाहीत, तेव्हा त्यांचे नियम आधी बघून घ्या.

[दृश्य: कागदावर पेन्सिलने हिशोब.]

मन लावून समजून घ्यायचा हिशोब हा आहे. १२० क्रेडिटवर ३.२. पदवीनंतर एक वर्ष पोस्ट-बॅक, म्हणजे पदवीच्याच पातळीचे आणखी कोर्स केले, ३० क्रेडिट, सगळे ए. नवा जीपीए येतो ३.३६.

वर्षभर एकही ए हातचा जाऊ दिला नाही, आणि आकडा सरकला एवढासा. पुष्कळ जण इथे खचतात. पण हीच बेरीज शेवटून करून पाहा. शेवटची ९० क्रेडिट, सलग तीन वर्षं, सरासरी जवळजवळ ३.८७. दोन्ही बेरजा खऱ्या आहेत आणि तक्ता वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात.

मास्टर्स करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. त्याचे ग्रेड वेगळ्या ओळीत जातात, पदवीच्या जीपीएत मिसळत नाहीत. काही विद्यापीठांत स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम असतो, जॉर्जटाउनचा त्यातला जुना आणि नावाजलेला. तिथे मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय शिकता येतात. चांगले ग्रेड आले तर याहून भक्कम पुरावा नाही. पण तिथेही घसरण झाली, तर पुढे सांगायला काही उरत नाही. शिवाय खर्च मोठा. पायाखालची जमीन घट्ट झाल्याची खात्री असेल तेव्हाच तिकडे जावं.

[दृश्य: परीक्षा केंद्राबाहेर रांग. सकाळची वेळ.]

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांतून पुष्कळ विद्यार्थी मधूनच गळायचे. कोण टिकेल हे आधी कळावं म्हणून १९२८ मध्ये एक चाचणी सुरू झाली. आजची एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा तिचीच पुढची पिढी. चार विभाग, प्रत्येकाला ११८ ते १३२ गुण, एकूण ४७२ ते ५२८. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११ च्या आसपास असते.

हा विद्यार्थी टिकेल का, हा प्रश्न आजही तोच आहे. जीपीए डळमळीत असेल तर चांगली एमकॅट त्याला थेट उत्तर देते. म्हणूनच ‘बघू तरी एकदा देऊन’ म्हणून ही परीक्षा देऊ नका. वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच ती देता येते, आणि आधीचे गुणही कॉलेजांना दिसतात. पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांत हवे तेवढे गुण सातत्याने पडत नसतील, तर तारीख पुढे ढकला.

[दृश्य: एक हात लिहितोय, खोडतोय, पुन्हा लिहितोय.]

अर्जातल्या स्वतःविषयीच्या निबंधाला जागा ५,३०० अक्षरांची. ती सगळी त्या दोन वर्षांच्या खुलाशात घालवू नये. दोन वाक्यं पुरतात. ‘प्राध्यापक नीट शिकवत नव्हते’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्याच अंगावर येतं. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘दुसऱ्या वर्षी मी आठवड्याला ३० तास काम करत होते. तिसऱ्या वर्षी तास कमी केले, अभ्यास गटात जायला लागले, तेव्हापासूनचे ग्रेड सोबत आहेत.’ काय झालं, काय बदललं, पुरावा कुठे आहे. बाकीची जागा रुग्णांसाठी ठेवा. हॉस्पिसमध्ये (अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या सेवाकेंद्रात), रुग्णवाहिकेवर, दवाखान्यात जे प्रत्यक्ष पाहिलंत आणि केलंत, त्यासाठी.

अर्ज कुठे करायचा, हाही मोठा प्रश्न. आपल्या राज्यातली सरकारी मेडिकल कॉलेजं बहुधा स्थानिकांना झुकतं माप देतात. डीओ कॉलेजांत सरासरी गुण थोडे कमी असतात, आणि २०२० पासून एमडी आणि डीओ दोघांचं मेडिकल कॉलेजनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, एकाच मान्यतेखाली आलंय. टेक्सासच्या रहिवाशांना आणखी एक वाट आहे, अ‍ॅकॅडेमिक फ्रेश स्टार्ट. १० वर्षांपूर्वीचे किंवा त्याहून जुने ग्रेड तिथल्या सरकारी कॉलेजांच्या प्रवेशात बाजूला ठेवता येतात. पण निवडून नाही. वाईटाबरोबर त्या काळातलं चांगलंही जातं.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. मे महिना.]

अर्ज मे महिन्यात उघडतो, आणि पुष्कळ कॉलेजं अर्ज येतील तसे बघत जातात. त्यामुळे घाई होते. पोस्ट-बॅक अर्धवट, एमकॅटचा निकाल यायचाय, घरी ‘अजून किती वर्षं?’ हा प्रश्न. ज्याचं ट्रान्सक्रिप्ट वरखाली आहे त्याने अशा वेळी अर्ज भरला, तर त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा समितीपुढे जातच नाही. पुढच्या वर्षी परत यावं लागतं, आणि मग या वेळी वेगळं काय केलंत, हे पुन्हा सांगत बसावं लागतं. ते एक वर्ष थांबा, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगेन.

[दृश्य: पुन्हा तो वर्षवार तक्ता. एक बोट वरून खाली सरकतं.]

पहिलं वर्ष, दुसरं वर्ष. बोट क्षणभर थांबतं. तिसरं, चौथं. मग पोस्ट-बॅकची ओळ.

३० क्रेडिट. ४.००.

बोट तिथेच राहतं, आणि दुसरा हात निबंधाचं पान उघडतो.