वेटोळीचे पैसे वेगळे

(दृश्य : मॅन्डोलिनचा वरचा खांदा, अगदी जवळून.)

ही वेटोळी बघा. लाकडातून पटाशीनं कोरून काढलेली. आतली घडी इतकी अरुंद की बोटसुद्धा शिरत नाही, आणि त्या खाचेत पॉलिशपेपर फिरवताना कारागीर मेटाकुटीला येतो. आवाजात हिची भर किती? जवळपास शून्य. पट्टा अडकवायला बरी पडते, एवढंच. तरीही ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं एक लोकसंगीत, वाजवणाऱ्या कोणालाही विचारा, त्याच्या मनातल्या मॅन्डोलिनला ही वेटोळी असतेच.

या घडणीचं नाव एफ-५. ती १९२२ साली बाजारात आणली अमेरिकेतल्या कॅलमझू गावच्या गिब्सन कंपनीनं. श्रेय जातं लॉइड लोर यांना. ते स्वतः मॅन्डोलिन वाजवायचे, आणि डोळ्यांसमोर आदर्श होता व्हायोलिनचा. गोल भोकाऐवजी व्हायोलिनसारखी दोन ‘एफ’ भोकं, लांब मान, तबलीच्या, म्हणजे वरच्या फळीच्या, पोटाशी चिकटवलेल्या दोन लाकडी पट्ट्या. वाद्य सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं, मॅन्डोलिन ऑर्केस्ट्रात शोभावं, हा हेतू. पण मुहूर्त चुकला. तोवर त्या ऑर्केस्ट्रांचे दिवस सरत आले होते. १९२४ च्या अखेरीस लोर यांनी कंपनी सोडली. त्यांची सही असलेली वाद्यं थोडीच बनली. आज त्यांतलं एखादं एफ-५ विकायला निघालं तर किंमत लाख डॉलरच्या वर जाते.

(दृश्य : बिल मनरो यांचं जुनं छायाचित्र. पार्श्वभूमीला फक्त मॅन्डोलिनचा ठेका.)

हे वाद्य ज्याच्यासाठी जणू बनलं होतं, तो माणूस पुढे वीसेक वर्षांनी भेटला. बिल मनरो, केंटकीतल्या रोझीन गावचे. मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात काचेआड त्यांना एफ-५ दिसलं. दीडशे डॉलर मोजून त्यांनी ते घेतलं. आतल्या लेबलवर लोर यांची सही आणि तारीख, ९ जुलै १९२३.

मनरोंच्या बँडचं नाव ब्लू ग्रास बॉइज. त्यावरूनच या संगीताला नाव पडलं. बँडमध्ये फिडल, बँजो, गिटार, बास आणि मॅन्डोलिन. ड्रम नाही. मग ठेका कोण धरणार? इथे मॅन्डोलिन पुढे होतं. बासनं पहिली मात्रा दिली की दुसरीवर उजव्या हाताचा सपकारा चार जोड्यांच्या आठही तारांवरून जातो आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं सैल होतात. स्वर उमटता उमटता तुटतो. याला म्हणतात चॉप.

(चॉप, चार आवर्तनं. निवेदन थांबतं.)

आपल्याकडे मॅन्डोलिन म्हटलं की आठवतात सज्जाद हुसेन, किंवा संगीतकार होण्याआधी हेच वाद्य वाजवणारे लक्ष्मीकांत कुडाळकर. त्या वादनावर पोसलेल्या कानाला ब्लूग्रासचं मॅन्डोलिन पहिल्यांदा कोरडं वाटेल. कोरडंच असतं ते. बँजोच्या कल्लोळातून आरपार जायचं असेल तर स्वर रेंगाळून चालत नाही.

मनरोंच्या मॅन्डोलिननं हाल सोसले तेही कमी नाहीत. १९५१ साली गिब्सनकडे दुरुस्तीला पाठवलं, सांगितलेली सगळी कामं न होताच परत आलं. मनरोंनी खिशातला चाकू काढला आणि माथ्यावरचं ‘गिब्सन’ हे नाव खरवडून टाकलं. मग १९८५ च्या नोव्हेंबरात कोणीतरी त्यांच्या घरात घुसलं आणि शेकोटीची सळई घेऊन त्याच्या चिरफळ्या केल्या. गिब्सनचेच कारागीर चार्ली डेरिंग्टन यांनी ढलपी ढलपी जुळवून ते उभं केलं. मनरोंनी ते पुन्हा वाजवलंही. आज ते नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे.

(दृश्य : कारखाना. स्प्रूसची फळी, छोटा रंधा, भुसा.)

हातानं घडवलेल्या मॅन्डोलिनमध्ये पैसे कशाचे पडतात, ते या टेबलावर कळतं. स्प्रूसची तबली सपाट फळीतून कोरून फुगीर करायची. मध्यभागी साधारण पाच मिलिमीटर, कडेला येईपर्यंत तीनच्या आसपास. पण हा आकडा कागदावरचा. प्रत्येक फळी वेगळी. एक ताठ, एक लवचिक. कारागीर ती दोन बोटांत लटकती धरतो, टिचकी मारतो, ऐकतो. एक पापुद्रा काढतो. पुन्हा टिचकी. कारखान्यातलं यंत्र शंभर तबल्या एकाच मापाच्या काढून देईल, मग लाकूड ताठ असो की नरम. जाड राहिली तर आवाज कोंडतो. पातळ झाली तर काही वर्षांत तारांखाली खचते, कारण आठ तारांचा एकूण ताण भरतो ७० ते ८० किलो. ही जाडी गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याला दिसतो तो सनबर्स्ट रंग, मधे फिकट नि कडेला गडद. आणि अर्थात, वेटोळी.

म्हणूनच घ्यायला निघालेल्यांनी ए-५ आधी वाजवून बघावं. तीच भोकं, तीच मान, तशाच पट्ट्या, फक्त अंग थेंबाच्या आकाराचं, वेटोळीशिवाय. नावाजलेल्या कारागिराचं एफ-५ दहा हजार डॉलरच्या पुढेच बोलतं, ए-५ त्याहून काही हजारांनी उतरतं. डोळे मिटून दोन्ही ऐकवली तर फरक सांगताना भल्याभल्यांची दांडी उडते. लोर यांच्या सहीचं एक ए-५ आजही जगात आहे. पण बाजार भावनेवर चालतो, आणि मनरोंच्या हातात एफ-५ होतं.

मॅन्डोलिन हातात आलं की गतीचं प्रदर्शन करू नका. आधी एक चॉप मारा. तो पोकळ वाजला की फटक्यासारखा, हे ऐका. मग तिसऱ्या तारेवर वरच्या पडद्यांकडे एकेक स्वर सावकाश वाजवा. एखादा स्वर अचानक मुका झाला तर कारण विचारा. चांगला कारागीर कारण सांगतो. आणि नंबर लावायची तयारी ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या वॉर्नंबूलमध्ये स्टीव्ह गिलक्रिस्ट, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये लिन ड्यूडेनबॉस्टेल, अशा एकेकट्या माणसांच्या हातून वर्षाला निघतात ती मोजकीच वाद्यं.

(दृश्य : उघडी पेटी, आत आर्द्रतामापक.)

मुंबई-कोकणात आणणार असाल तर पावसाळ्यात स्प्रूस पाणी पितं, तबली फुगते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात. उलट कोरड्या हवेत तिला चीर जाते. पेटीतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के राहील असं बघा. उन्हात बंद गाडीत तर ठेवूच नका. पुष्कळ कारागीर अजून सरस वापरतात, आणि सरस उष्णतेनं सुटतो.

तारा बदलताना एकेक जोडी बदला. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी इथे चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानंच उभी असते. सगळ्या तारा एकदम काढल्या की ती हातात येते. मग ट्यूनर लावून, बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेशी जुळेपर्यंत, तिला केसाकेसानं सरकवत बसावं लागतं.