चांगली माणसं ऑफिसात चुकीचं का वागतात?

नमस्कार! ऑफिसात घोटाळा उघडकीला आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "तो माणूसच तसला होता." एवढं म्हटलं की बाकीचे सगळे मोकळे. मला हे पटत नाही. का, ते सांगते.

1973 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण द्यायला सांगितलं. अर्ध्यांचा विषय होता बायबलमधली गोष्ट: वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची. आणि यांच्याही वाटेत मुद्दाम एक माणूस बसवलेला होता, मान टाकून खोकत. ज्यांना भरपूर वेळ होता, त्यांच्यातल्या 63 टक्के जणांनी मदत केली. ज्यांना "उशीर झालाय, पळा" म्हटलं होतं, त्यांच्यातल्या फक्त 10 टक्के जणांनी. भाषणाच्या विषयाने फारसा फरक पडला नाही!

आता तपासणीचा तक्ता डोळ्यासमोर आणा. दहा रकाने, खाली सही. माल चारला निघालाच पाहिजे. सात गोष्टी तपासून झाल्यात, उरलेल्या तीन "रोज ठीकच असतात". टिक, टिक, टिक, सही. याला कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. पहिल्या वेळी हात जरा अडखळतो, पुढे तेही बंद होतं. मग नवीन आलेल्या मुलीला काम शिकवताना तोच माणूस सांगतो, "खालचे तीन सकाळीच टिक करून ठेवत जा." झालं! आता ती तिथली पद्धत आहे. तिच्या दृष्टीने तर यात मोडण्यासारखा नियमच नव्हता.

घाईला टार्गेट जोडलं की काय होतं, ते वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेत दिसलं. एकेका ग्राहकाच्या गळ्यात बँकेची आठ-आठ उत्पादनं मारायची, असा तिथला आग्रह. आकडे गाठता येईनात, तेव्हा कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच त्यांच्या नावाने खाती उघडली. 2016 मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला. काही वर्षांत मिळून सुमारे 5,300 जणांना काढलं होतं. एवढी सगळी माणसं जन्मजात लबाड, आणि नेमकी एकाच बँकेत भरती झाली? छे.

नियम लिहिलेले नसतात असं नाही हो. एन्रॉन ही अमेरिकन ऊर्जा कंपनी हिशेबातल्या घोटाळ्यांपायी बुडाली 2001 मध्ये, आणि तिची आचारसंहिता चांगली साठ-बासष्ट पानांच्या वर होती. पण लोक पानं वाचत नाहीत, साहेबाचं तोंड वाचतात. टार्गेट हुकल्यावर तो "अडचण काय आली?" विचारतो, की "मला कारणं नकोत" म्हणतो? दुसरं वाक्य दोनदा ऐकलं की खरी माहिती वर जायची थांबते. "कसंही करून करा" यातलं ते "कसंही" कुणीच लिहून देत नाही. पकडले गेलात तर ते तुमचं एकट्याचं.

मग वैयक्तिक सचोटीला काहीच किंमत नाही का? आहे, आणि ती संसर्गजन्य आहे. येल विद्यापीठात 1961-62 मध्ये स्टॅनली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने केलेले विजेच्या झटक्यांचे प्रयोग (झटके खोटे होते, देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं) तुम्ही ऐकले असतील. 40 पैकी 26 जण प्रयोग घेणाऱ्याने सांगितलं म्हणून दुसऱ्या माणसाला झटके देत शेवटच्या, सगळ्यात जोराच्या बटणापर्यंत गेले, हे सगळे सांगतात. पण त्याच मालिकेतल्या दुसऱ्या प्रयोगात शेजारी बसलेल्या दोघांनी "आम्ही हे करणार नाही" म्हणून हात काढून घेतला. तेव्हा शेवटपर्यंत गेले 40 पैकी 4.

म्हणून मी एखाद्या ऑफिसची पारख करताना भिंतीवरची मूल्यं बघत नाही. तिथे शेवटचं "नाही" कोण म्हणालं आणि त्याचं पुढे काय झालं, हे विचारते. बढती राहिली? बदली झाली? की मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, "बरं झालं बोललीस"? तुमच्याकडे काय झालं, ते कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव मात्र नको, उद्या ऑफिसला जायचंय तुम्हाला.